आईची चंची

आमचा भाचा मुंबईत डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचे पोस्टिंग गॅस्ट्रोच्या वॉर्डात लागल्याचे आम्ही मुरबाडला गावी जाऊन आईला सांगितले, तर ती घाबरलीच. शहापूर-मुरबाडकडे गॅस्ट्रो म्हणजे पावसाळ्यातली जुलाब-उलट्यांची साथ! पोराला साथीत कशाला धाडले, म्हणून तिने आम्हालाच बोल लावले. हा वॉर्ड अन्ननलिका, जठर, आतडी आणि यकृत यांच्या दुखण्यांचा, हे समजावताना आमची पुरेवाट झाली.

पुढे भाचा सुट्टीला आला. दारूने यकृत कडक झाले की रक्ताची वाट अडते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात आणि माणूस भडाभडा रक्त ओकतो. दुर्बीण घालून त्या शिरांना रबराच्या कड्या कशा बसवतात, ते त्याने जवळून पाहिले होते. पण सांगायला तो आला होता वेगळेच.

"मामा, आपल्याच बाजूची एक बाई होती. चक्कर येते म्हणून आलेली. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, शौचाला काळं होतं का? ती नाही म्हणाली. मग मी विचारलं, मावशी, डांबरावाणी चिकट, घाण वासाचं होतं का? तर म्हणे, लावणीपासून होतंय."

लावणीत कंबर धरते म्हणून ती दुकानातून दुखीच्या गोळ्या आणून रोज खात होती. जठराच्या अस्तराला सांभाळणारे एक द्रव्य शरीरच तयार करते. या गोळ्या नेमके तेच अडवतात. त्यामुळे जेवून घेतल्या तरी धोका राहतोच, इंजेक्शन घेतले तरी राहतो. अल्सर होतो, आतल्या आत रक्त झिरपते आणि आतड्यातून जाताना काळे पडते. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण ते डांबरासारखे चिकट नसते.)

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. उठून तिने चंची आणली. पान-सुपारीच्या खाली तीन पाकिटे निघाली. गुडघ्यासाठी, दोन वर्षांपासून, रोज चहाआधी एक.

"आजी, काळं होतं का गं?"

ती आमच्याकडे बघेना. लेकासमोर असले बोलायचे कसे? आम्ही अंगणात गेलो, तेव्हा नातवाला सगळे सांगितले. आरोग्यावर सभांतून भाषणे ठोकणारे आम्ही. आईच्या चंचीत कधी डोकावलो नव्हतो. थकवा येतो म्हणायची, तर आम्ही म्हणायचो, वय झाले.

दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासले. हिमोग्लोबिन सात. मग एसटीने कल्याण, तिथून मुंबई. दुर्बिणीत अल्सर दिसला आणि तपासणीत एक जंतूही सापडला. पूर्वी अल्सर म्हणजे चिंता आणि तिखटाचा दोष मानत. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी 1984 साली हा जंतू स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला. त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना 2005 साली नोबेल मिळाले. आईला चौदा दिवसांची औषधे लागली, एवढेच.

गुडघे अजून दुखतातच. त्यावर आता डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी पॅरासिटामॉल, आणि पायांचा व्यायाम, जो ती आम्ही पाहत असलो तरच करते.