गर्भवतीचा दम आणि आपली जबाबदारी

गर्भवती स्त्रीने जिना चढून आल्यावर पदराने घाम टिपत “मला दम लागतो” असे म्हटले, तर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून तिला जे उत्तर मिळते ते बहुधा ठरलेले असते: “अगं, दोन जिवांची आहेस, दम लागायचाच!” हे उत्तर मायेने दिलेले असते, त्यामागे स्वतः भोगलेल्या बाळंतपणांचा अनुभव असतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते, परंतु तेवढ्यावर ती तक्रार निकालात काढण्याची जी रीत आपल्या घरांत आणि कित्येकदा आपल्या दवाखान्यांतही पडून गेली आहे, ती सोडून प्रत्येक वेळी थोडी चौकशी आणि थोडी विश्रांती हा त्या स्त्रीचा हक्क मानला जावा, एवढेच माझे आग्रहाचे निवेदन आहे.

प्रथम त्या उत्तरातले सत्य पाहू. गर्भ राहिल्यानंतर थोड्याच दिवसांत, पोट दिसू लागण्याच्याही आधी, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने मेंदूतील श्वसनकेंद्र अधिक जागरूक होते आणि आईचा प्रत्येक श्वास पूर्वीपेक्षा खोल होऊ लागतो. दर मिनिटाला फुप्फुसांत जाणाऱ्या हवेचे प्रमाण पुढे ३० ते ५० टक्क्यांनी वाढते, त्यामुळे आईच्या रक्तातील कर्बवायू कमी होतो आणि गर्भाच्या रक्तातील कर्बवायूला तिच्याकडे येण्याचा मार्ग सुलभ होतो. पुढे वाढते गर्भाशय श्वासपटलाला सुमारे चार सेंटिमीटर वर लोटते, तेव्हा फासळ्या बाजूंना फाकून छाती रुंद होते. म्हणजे निरोगी गर्भिणीला जाणवणारा हा दम बाळासाठी तिच्या देहाने केलेल्या तरतुदीचा भाग असतो. बहुसंख्य निरोगी स्त्रियांना तो कमीअधिक प्रमाणात जाणवतो आणि पहिलटकरणीच्या बाबतीत, अखेरच्या काही आठवड्यांत बाळाचे डोके खाली सरकले, की पुष्कळदा आपोआप हलका होतो.

अशा दमावर उपाय साधे आहेत. पाठ ताठ ठेवून, खांदे सैल सोडून बसावे. रात्री उशा किंवा वळकटी पाठीशी घेऊन उंच टेकावे किंवा डाव्या कुशीवर निजावे. परकराचा नाडा पोटावर न आवळता खाली सैल बांधावा. एकदम पोटभर न जेवता थोडेथोडे चारदा खावे. चुलीच्या धुरापासून दूर राहावे. आणि दम लागला की हातातले काम तिथेच ठेवून तो बसेपर्यंत थांबावे.

परंतु प्रत्येक दम असा निरुपद्रवी नसतो. स्वाभाविक बदलात श्वास खोल होतो, त्याची गती मात्र फारशी वाढत नाही. म्हणून स्वस्थ बसलेली असतानाही जिला भरभर धाप लागते, आडवे पडताच गुदमरून उठून बसावे लागते, एकाएकी दम लागून छातीत दुखते, खोकल्यातून रक्त पडते, ओठ निळसर दिसतात, भोवळ येते किंवा एकच पाय सुजून दुखू लागतो, तिला त्याच घटकेस रुग्णालयात नेले पाहिजे. लहानपणी येऊन गेलेल्या संधिज्वराने हृदयाची झडप अरुंद झाल्याचे कित्येक स्त्रियांना ठाऊकही नसते. गर्भारपणात रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते तेव्हा तो भार त्या अरुंद वाटेला पेलत नाही आणि वर्षानुवर्षे दडून राहिलेला विकार धापेच्या रूपाने प्रथमच बाहेर पडतो. बाळंतपणाच्या आगेमागे हृदयाचा स्नायूच दुबळा होण्याचा एक आजारही असतो, म्हणून ही दक्षता प्रसूतीनंतरही काही महिने सोडता कामा नये.

आणि आपल्या देशात या सर्वांहून व्यापक कारण आहे ते रक्तक्षयाचे. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२ टक्के गर्भवती स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे ‘दम लागायचाच’ हे उत्तर जिला ऐकवले जाते, तिचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असण्याचाच संभव अधिक. या प्रश्नाशी मुंबईचा संबंध जुना आहे. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली येथे आल्या आणि गिरणीकामगार स्त्रियांना गर्भारपणात होणाऱ्या प्राणघातक रक्तक्षयाचा त्यांनी शोध घेतला. यीस्टच्या अर्काने या रुग्णा बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले, आणि आज लोहाच्या गोळीत जे फॉलिक ॲसिड असते त्याच्या शोधाचा उगम याच कामात आहे. ती गोळी सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते; चौथ्या महिन्यापासून ती निदान १८० दिवस घ्यायची असते. चहाबरोबर घेतल्यास तिचे लोह अंगी नीट लागत नाही आणि लिंबू-आवळ्याने अधिक लागते, एवढे सांगणारे माणूस मात्र प्रत्येकीला भेटतेच असे नाही.

तथापि गोळी आणि उपदेश यांनी काम भागत नाही, कारण विश्रांतीचा सल्ला अमलात आणण्यासाठी मुळात विश्रांती मिळावी लागते. सातव्या महिन्यात कमरेवर कळशी आणि डोक्यावर हंडा घेऊन विहिरीची पायरी चढणारीला, किंवा उसाच्या फडात मोळ्या बांधून त्या गाडीपर्यंत वाहणारीला, ‘दमलीस तर बस’ असे कोण म्हणणार, आणि ती बसली तर तिच्या बुडालेल्या मजुरीचे काय? विल्सबाई मुंबईत काम करीत होत्या त्याच सुमारास, १९२९ साली, मुंबई इलाख्यात कामगार स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा झाला. आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले होते. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने तर अखेरच्या मुदतीत गर्भवतीने मागणी केल्यास तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, असेही बंधन मालकावर घातले. पण शेतात, फडावर आणि वीटभट्टीवर राबणारीचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, आणि घरकामाला तर मालकच नसतो.

म्हणून ही जबाबदारी वाटून घ्यावी लागेल. नवऱ्याने आणि दिराने पाणी भरावे, त्यात कसलाही कमीपणा नाही. सासूबाईंनी ‘दम लागायचाच’ म्हणण्याआधी ‘बसल्यावरही लागतो का, रात्री निजता येते का’ एवढे दोन प्रश्न विचारावेत. आशाताईंनी तिला महिन्याच्या ९ तारखेच्या मोफत तपासणीस हाताशी धरून न्यावे, आणि तिथे डॉक्टरांनी रक्त तपासण्याबरोबरच छातीला नळी लावून हृदयाचा ठोका ऐकण्यात कसूर करू नये. आणि शासनाने नोंद नसलेल्या मजूर स्त्रीलाही शेवटच्या तीन महिन्यांची बुडालेली मजुरी रोखीने देण्याची तरतूद करावी. यांपैकी एकही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही.