कामाचे माप गावानेच घ्यावे

गावात दोन हजार रोपे लावली, एवढे अहवालात लिहिले की योजनेचा रकाना भरतो. परंतु दुसऱ्या उन्हाळ्याअखेर त्यांपैकी किती जगली, ती कोणाच्या बांधावर आहेत आणि त्यांना पाणी कोणी घातले, हे रकाने बहुधा कोरेच राहतात. ही उणीव आजची नव्हे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समाजविकास कार्यक्रम सुरू झाला. त्याची पाहणी करणाऱ्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली स्पष्टच सांगितले की, लोकांचा स्वतःचा पुढाकार जागविण्यात हा कार्यक्रम कमी पडला. काम सरकारचे आणि मोजदादही सरकारची, अशी स्थिती असली म्हणजे गाव प्रेक्षक होते.

याहून निराळी रीत अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे पाहावयास मिळते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मुलूख अवर्षणाचा. प्रारंभीच १९७२ चा दुष्काळ उभा ठाकला. लोकांना आधी औषध नको होते. अन्न व पाणी हवे होते. प्रकल्पाने तोच क्रम मान्य केला. हातपंप घेताना ते दलित वस्तीत बसविण्याकडे लक्ष पुरविले. यात मूल्यमापनाचा मोठा धडा आहे. पंप किती बसले, ही संख्या अर्धेच सत्य सांगते. त्या पंपावर घागर कोणाची भरते, हे उरलेले अर्धे होय.

पुढे गावोगावी शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी राहिली. गावानेच निवडलेल्या स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, तरीही जन्म, मृत्यू, गरोदर स्त्रिया व आजारी बालके यांची खबर त्यांच्याइतकी कोणालाच नव्हती. त्या नियमाने जामखेडच्या केंद्रात जमत, अनुभव सांगत, नवे शिकत. केंद्राचे फिरते पथक गावात जाऊन त्यांच्या कामास आधार देई. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत असत. पुढील अडीच दशकांत हे प्रमाण एक चतुर्थांशाहूनही खाली आले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु पुरस्काराहून महत्त्वाचे हे की, आपल्या गावात किती बालके दगावली हा प्रश्न गावाचा स्वतःचा झाला.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, गावाने स्वतःचे माप घेतले तर ते सोयीचेच घेईल. आक्षेप अगदीच निराधार नाही. पाटीलवाड्यासमोर बसून भरलेल्या तक्त्यात वस्तीवरची कोरडी विहीर दिसत नाही. म्हणूनच बाहेरच्या माणसाची फेरतपासणी आवश्यक आहे. मात्र ती गावाच्या नोंदीला जोड म्हणून असावी, तिच्या जागी नव्हे. ज्या आकड्यावर निर्णय घ्यावयाचा तो निर्णय घेणाऱ्यांनीच मोजलेला असावा. याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाचे व विहिरींच्या पाण्याचे माप घेऊन ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला जातो आणि कोणती पिके घ्यावयाची हे त्यावरून ठरते. आकडा गावाचा असल्यामुळेच त्याचे बंधन गाव पाळते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. बांधबंदिस्ती असो, फळबाग असो वा शेततळे असो, काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती गावकऱ्यांच्या हातून नोंदवून घ्यावी. वर्षाने तीच मोजणी त्यांनीच करावी. लाभ कोणास पोहोचला व कोणास नाही, हे वस्तीवार लिहावे. तो हिशेब चावडीच्या फळ्यावर मांडून ग्रामसभेत वाचावा. मेलेल्या रोपांची संख्या लिहिण्यास कोणी कचरू नये. आणि वरिष्ठांनीही ती लिहिणाऱ्यास दोष देऊ नये. खोट्या यशावर पुढील वर्षाची योजना उभी राहिली, तर तिचा भुर्दंड शेतकऱ्यालाच सोसावा लागतो.