दोनशे वॅटची थाप

गाडीच्या लायटर सॉकेटमध्ये खुपसायचा तो छोटा इन्व्हर्टर माहीत असेलच. १२ व्होल्ट डीसी घेतो, २३० व्होल्ट एसी देतो. माझ्या मित्रमंडळींत बऱ्याच जणांच्या गाडीत तो पडलेला असतो आणि त्याच्याबद्दल सगळ्यांचं मत एकच: "बेकार आहे यार, सारखा बंद पडतो."

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. तो बंद पडतो तेव्हाच नीट काम करत असतो. बेकार आहे तो खोक्यावरचा आकडा, आणि त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारे आपण.

माझीच फजिती सांगतो. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एका फटक्यात गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. दिवस घरून काम करण्याचे, आणि आम्ही मुलुंडला. लॅपटॉप मान टाकायला लागल्यावर मी ऐटीत खाली गेलो, गाडी उघड्यावर आणून चालू केली, इन्व्हर्टर लावला आणि माझा नि बायकोचा असे दोन्ही लॅपटॉप जोडले. ९० अधिक ९०, म्हणजे १८० वॅट. खोक्यावर २०० लिहिलेले. दोन मिनिटांत सगळं गप्प! सॉकेटचा फ्यूज उडाला होता.

आता शाळेतलं गणित करू. बाहेर १८० वॅट हवे तर इन्व्हर्टरमधली घट धरून आत २०० च्या वर लागतात. भागिले १२, म्हणजे सतरा-अठरा अँपिअर. माझ्या गाडीच्या सॉकेटचा फ्यूज १० अँपिअरचा. म्हणजे फार तर १२० वॅट. खोक्यावरचे दोनशे इन्व्हर्टरचे होते, माझ्या गाडीचे नव्हते. त्यातही काही खोक्यांवर मोठ्या अक्षरातला आकडा क्षणभर पेलायचा असतो, सतत पेलायचा बारीक अक्षरात मागे. हापिसात दिवसभर 'सर्व्हर किती लोड घेईल' यावर वाद घालणाऱ्या माझ्यासारख्याला हा भागाकार सुचू नये, यातच सगळं आलं.

पण खरी चूक पुढची. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, तीसचा टाकून देतो, परत उडणार नाय." लाल फ्यूज काढला, हिरवा बसवला. मीही खूश. महिनाभराने नाशिकला निघालो. मागच्या सीटवर लेकीची ऑनलाइन शाळा, शेजारी बायकोचं ऑफिस, दोन्ही लॅपटॉप इन्व्हर्टरवर. शहापूर सोडलं आणि जळकट वास यायला लागला. गाडी बाजूला घेतली, पिन ओढली तर हाताला चटका. सॉकेटचं प्लॅस्टिक मऊ झालं होतं. फ्यूज मात्र ठणठणीत! तीस अँपिअरच्या फ्यूजला सतराचं काय सोयरसुतक? तारेला होतं.

जुन्या चाळीत फ्यूज सारखा उडतो म्हणून कटआउटमध्ये जाड तार गुंडाळायचे, तोच हा प्रकार. आपल्या भाषेत सांगायचं तर रिकामा कॅच ब्लॉक. एरर दिसत नाही, म्हणून ती नाही असं नसतं.

तेव्हा इन्व्हर्टर काय म्हणतोय ते ऐका. पीं-पीं करतो, म्हणजे त्याच्यापर्यंत पुरेसा व्होल्टेज पोचत नाहीये. मल्टिमीटर बॅटरीवर लावा. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा दिसलं, तर बॅटरी बहुधा ठीक. दोष सैल पिनेत किंवा सॉकेटमधल्या धुळीत शोधा. तापून बंद पडला तर सीटखालून काढून हवेशीर ठेवा. सगळंच मेलं असेल तर आधी फ्यूज बघा. तो बऱ्याचदा इन्व्हर्टरच्या पिनेतही असतो. आणि इंजिन बंद ठेवून दोन तास एक लॅपटॉप चालवलात, तर छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी निम्म्यावर येते. मग धक्का मारायला वॉचमनला बोलवा. त्यावर उपाय म्हणून बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो पीं-पीं पण करत नाही.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाने एवढं गणित का करायचं? मान्य. म्हणूनच खोक्यावर वॅटच्या शेजारी तेवढ्याच ठळक अक्षरात छापा: 'एवढ्या लोडला इतके अँपिअर लागतील, आधी सॉकेटचा फ्यूज बघा.' एक ओळ. पण ती छापली तर दोनशेचा रुबाब जातो ना!

नवा लॅपटॉप यूएसबी-सी वर चार्ज होत असेल तर हा खटाटोपच नको. बाराचे दोनशेतीस करून पुन्हा वीस करण्यापेक्षा सॉकेटमध्ये बसणारा तेवढ्या वॅटचा चार्जर घ्या. गणित मात्र त्यालाही लागू.

असो. उद्या रविवार आहे. फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा आणि गाडीचं पुस्तक शेजारी ठेवून लायटरचा फ्यूज तपासा. पुस्तकात १० असेल तर लाल हवा, १५ असेल तर निळा. हिरवा दिसला, तर गाडी बाहेर काढण्याआधी तो बदला.