सुई बदलून देणारे काउंटर

नशा टोचून घेणाऱ्या तरुणाला नवी सुई फुकट द्यायची, हे ऐकताच कोणत्याही आईबापाच्या कपाळाला आठी पडेल. सुई दिली म्हणजे व्यसनाला संमतीच दिली, असे वाटणे स्वाभाविक आहे. शंका रास्त आहे. मात्र तिचे उत्तर अनुभवाला विचारले पाहिजे.

स्कॉटलंडमधील एडिंबरा आणि ग्लासगो ही शहरे जेमतेम सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर अंतरावर. हेरॉइन दोन्हीकडे पोचलेले. १९८० च्या दशकात एडिंबरात पोलिसांनी कडक धोरण धरले आणि सुया मिळणे दुरापास्त झाले. नशा थांबली नाही. एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरू लागली आणि सुईत उरलेल्या रक्ताबरोबर एचआयव्हीही फिरला. १९८६ च्या सुमारास तेथे तपासलेल्यांपैकी निम्म्यांना लागण झालेली आढळली. ग्लासगोत हे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास होते. सुयांची टंचाई हे या तफावतीचे मोठे कारण मानले गेले. त्याआधीच, १९८४ मध्ये, ॲमस्टरडॅममध्ये व्यसनींच्याच संघटनेने काविळीच्या भीतीने जुनी सुई घेऊन नवी देण्याचा उपक्रम सुरू केला होता.

आपल्याकडे हा धडा मणिपूरने फार महागात घेतला. म्यानमारच्या सीमेवरून हेरॉइन आले आणि १९९० च्या आरंभी तेथे सुई टोचणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना एचआयव्हीने गाठले. ज्यांनी आयुष्यात सुई हातात धरली नाही, त्या बायकांपर्यंत आणि तान्ह्या मुलांपर्यंत तो पोचला. अखेर १९९६ मध्ये त्या राज्याने आपल्या एड्सविषयक धोरणात अशा उपायांना स्थान दिले. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमानेही ते स्वीकारले. अशा केंद्रांमुळे व्यसन वाढते, असे देशोदेशींच्या अभ्यासांत आढळलेले नाही.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. फाटकी नोट बदलायला आलेल्याला ती कोणत्या व्यवहारात फाटली, हे तेथे कोणी विचारीत नाही. खराब नोट चलनातून बाहेर जाते, हे महत्त्वाचे. सुईचेही तसेच. परत आलेली सुई कचरा वेचणाऱ्या पोराच्या पायात घुसत नाही. शिवाय ती बदलायला येणारा माणूस वरचेवर भेटतो. त्याला रक्ततपासणीचे, औषधोपचाराचे सांगता येते.

व्यसन सुटायला कधी कधी दहा वर्षे लागतात. तेवढी वर्षे त्याला मिळावीत आणि त्याच्या बायकोमुलांना त्याची किंमत मोजावी लागू नये, एवढीच या काउंटरवरची देवघेव आहे.