लघवीचं कल्चर चौथ्या खेपेला नाही, आधी करा!

पोस्ट लांब आहे, पण घरातल्या बायकांसाठी तरी शेवटपर्यंत वाचा.

लघवीला जळजळ होते. दर अर्ध्या तासाला जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं. बाई दोन दिवस पाणी पिऊन काढते, मग दवाखान्यात जाते, नाहीतर थेट मेडिकलवर. पाच गोळ्या मिळतात. बरं वाटतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आता गोळी बदलते. मग तिसरी, सोबत इंजेक्शन. आणि चौथ्या खेपेला कुणीतरी चिठ्ठीवर लिहितं, ‘युरिन कल्चर करून घ्या’.

मी मायक्रोबायोलॉजीची डॉक्टर. जिल्ह्याच्या गावी लॅबमध्ये बसते. माझ्या टेबलावर येणाऱ्या लघवीच्या डब्यांमध्ये या चौथ्या खेपेच्या डब्या फार असतात. त्यातही निम्मं काम वाया गेलेलं असतं, कारण पेशंटच्या पोटात आज सकाळचीच अँटिबायोटिकची गोळी असते. औषध लघवीत उतरलेलं, जंतू अर्धमेले. प्लेटवर काही उगवत नाही. रिपोर्ट जातो ‘नो ग्रोथ’. पेशंट म्हणतो, पैसे गेले आणि रिपोर्टमध्ये काहीच नाही. जळजळ मात्र आहे तशीच.

आता ही तपासणी म्हणजे काय, ते सांगते. ‘लघवी रूटीन’मध्ये पस सेल्स दिसतात. त्यावरून फक्त संशय येतो, की घरात कुणीतरी शिरलंय. कोण शिरलंय आणि तो कशाला भितो, हे कल्चर सांगतं. ठरावीक मापाच्या लूपने लघवीचा एवढासा थेंब प्लेटवर पसरायचा, ती साधारण ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची, दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके मोजायचे, जंतू ओळखायचा. बहुतेक वेळा तो ई. कोलाय असतो, आपल्याच आतड्यातला. मग त्याच्यापुढे वेगवेगळी औषधं मांडायची आणि कोणत्या औषधापुढे त्याची वाढ थांबते ते बघायचं. दोन-तीन दिवसांत उत्तर हातात. या कामाला कोट्यवधींचं मशीन लागत नाही. प्लेट, इन्क्युबेटर, औषधाच्या चकत्या आणि काम जाणणारा माणूस लागतो.

मग आधी का करत नाहीत? तीन सबबी नेहमी ऐकते. एकेक घेऊ.

सबब पहिली : ‘रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर पेशंटला तडफडत ठेवायचं का?’
अजिबात नाही. आधी डबीत लघवी घ्या, मग पहिली गोळी द्या. एवढंच! दहा मिनिटांचा प्रश्न आहे. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला की औषध बरोबर असेल तर चालू ठेवा, नसेल तर बदला. उपचार थांबवा असं कुणीही म्हणत नाहीये. क्रम बदला, एवढंच म्हणतेय.

सबब दुसरी : ‘गरिबाला परवडत नाही.’
हे खरं आहे, आणि म्हणूनच याचा राग येतो. आमच्या शहरात खासगी लॅबमध्ये कल्चरला काही शे रुपये पडतात. शेतमजूर बाईची ती दोन-तीन दिवसांची मजुरी. पण तीन वेळा चुकीच्या गोळ्या, तीन वेळा तपासणी फी, इंजेक्शनं आणि बुडालेले रोज यांची बेरीज कुणी करतं का? ती बेरीज तिच्याच खिशातून जाते. फक्त तुकड्या-तुकड्यांनी जाते, म्हणून कुणाला दिसत नाही. आणि परवडत नसेल तर तपासणी सरकारने द्यायची असते. ती गाळायची नसते.

सबब तिसरी जरा शहाणी आहे : ‘गाइडलाइनमध्येच लिहिलंय, साध्या इन्फेक्शनला कल्चरची गरज नाही.’
बरोबर. तरुण बाई, गरोदर नाही, ताप नाही, पहिल्यांदाच त्रास झालाय, तर लक्षणांवरून औषध देणं योग्यच आहे. पण कोणतं औषध? गाइडलाइन म्हणते, तुमच्या भागातले जंतू ज्याला दाद देतात ते. आता सांगा, तुमच्या तालुक्यातले जंतू कशाला दाद देतात हे कुणाला माहीत आहे? ते शेकडो कल्चरचे रिपोर्ट एकत्र मांडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे ज्या अंदाजाच्या जोरावर तुम्ही कल्चर टाळता, तो अंदाजच कल्चरवर उभा असतो. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांचे आकडे आयसीएमआर दरवर्षी छापते. आमच्या तालुक्याचे आकडे कुणाकडे आहेत? कुणाकडेच नाहीत. मग औषध ठरतं ते एमआर परवा कोणतं सॅम्पल ठेवून गेला त्यावरून.

परिणाम रोज बघते. सेफिक्सिम, सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन ही नावं आता लोकांना पाठ आहेत, आणि माझ्या प्लेटवर ई. कोलाय त्यांच्या चकतीला चिकटून आरामात वाढतो. याच जंतूवर नायट्रोफ्युरँटॉइन बहुतेक वेळा आजही चालतं. १९५३ पासून वापरात असलेलं, जुनं, स्वस्त औषध. मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या इन्फेक्शनला ते उपयोगाचं नाही, पण मूत्राशयाच्या साध्या इन्फेक्शनला उत्तम. तरी चिठ्ठीवर ते क्वचितच दिसतं. आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्येच बजावलंय, की दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनला सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधं देऊ नका, फायद्यापेक्षा धोका जास्त आहे. आपल्याकडे मेडिकलवाला ती विचारल्याशिवाय काढून देतो.

१ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. सेफिक्सिम त्यात येतं. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं, ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते रजिस्टर तुम्ही कधी बघितलंय?

आता काही जण म्हणतील, ‘बाई लॅबवाल्या, स्वतःचं दुकान चालवतायत.’ म्हणून उलटी बाजूही सांगते. काही कल्चर करूच नयेत. आजोबांना महिनोन्‌महिने नळी लावलेली आहे, ताप नाही, त्रास नाही, तरी ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून डबी पाठवतात. नळीत जंतू असणारच. रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि आजोबांना फुकटची इंजेक्शनं चालू होतात. लक्षणं नसताना सापडलेल्या जंतूंवर, गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन होणार असलेला पेशंट असे अपवाद सोडले, तर उपचार करायचे नसतात. लॅबचं बिल वाढेल, पेशंटचं भलं होणार नाही.

आणि गरोदर बाईचं तर वेगळंच दुखणं. तिला जळजळ नसली तरी लघवीत जंतू असू शकतात, आणि दुर्लक्ष झालं तर ते मूत्रपिंडापर्यंत चढतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या शिफारशींत गरोदरपणात यासाठी कल्चरच सांगितलंय. आपल्याकडे केंद्रावर काय होतं? पट्टी बुडवून अल्ब्युमिन आणि शुगर बघतात, कार्डावर लिहितात, पुढची बाई. जिला कल्चरची सगळ्यात जास्त गरज आहे, तिलाच ते मिळत नाही.

डबी कशी द्यायची हेही कुणी सांगत नाही. पाण्याने स्वच्छ धुवायचं, सुरुवातीची धार सोडायची, मधली डबीत घ्यायची, झाकणाला आतून बोट लावायचं नाही. दोन तासांत लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये. बाहेर ठेवली की जंतू डबीतच वाढतात आणि खोटा रिपोर्ट येतो. पण हे बाईला सांगून तिला पाठवायचं कुठे? दवाखान्याच्या संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही. दिवसभर लघवी दाबून धरणाऱ्या ऊसतोड बायका, भाजीवाल्या, बंदोबस्तावरच्या महिला पोलीस यांना आपण त्रासही देतो आणि नीट तपासणीही देत नाही.

म्हणून मागण्या सरळ आहेत.

१. गरोदर बायका, लहान मुलं, पुरुष, डायबेटिसवाले, थंडी वाजून ताप किंवा पाठीत दुखणारे, आणि पुन्हा-पुन्हा त्रास होणारे : यांची लघवी पहिल्या गोळीच्या आधी कल्चरला गेलीच पाहिजे.

२. सरकारी दवाखान्यात हे फुकट हवं. केंद्रावरून नमुने गोळा करून नेणारी महालॅबची व्यवस्था आहेच. त्याच वाटेने बोरिक अॅसिडच्या किंवा बर्फात ठेवलेल्या डब्या रोज, वेळेत, प्रत्येक तालुक्यातून गेल्या पाहिजेत.

३. प्रत्येक जिल्ह्याने वर्षातून एकदा आपल्या जंतूंचा तक्ता छापावा आणि गावातल्या प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर पोचवावा. बीएएमएस, बीएचएमएस, एमबीबीएस, सगळ्यांच्या.

४. एच-१चं रजिस्टर खरंच तपासा.

आणि तुम्ही एक करा. पुढच्या वेळी डॉक्टरांना नम्रपणे विचारा, ‘गोळी घेण्याआधी कल्चरला डबी देऊ का?’ चांगला डॉक्टर चिडणार नाही. गरज नसेल तर का नाही ते सांगेल, गरज असेल तर चिठ्ठी देईल. चिडला तर दुसरा डॉक्टर शोधा.

औषधं संपत चालली आहेत, हो. नवीन येण्याचा वेग जंतूंच्या वेगापुढे काहीच नाही. आज पाच गोळ्यांत बरी होणारी बाई उद्या साध्या लघवीच्या इन्फेक्शनसाठी सात दिवस सलाइन लावून पडणार असेल, तर त्याला नशीब म्हणू नका. आपणच आळसाने हे ओढवून घेतोय.

कॉपी करा, शेअर करा, नाव नाही टाकलं तरी चालेल.