दूरध्वनी कोणी उचलावा?

घरात माणसे दहा, परंतु दाराची कडी वाजली तर उठणारा कोणीच नाही, अशा घराला आपल्याकडे लोक नावे ठेवतात. दूरध्वनीची घंटी ही कार्यालयाची कडीच होय. तिच्याबाबतीत मात्र ‘कोणीतरी घेईल’ असे म्हणत सारेच जण कागदांत डोके खुपसून बसतात, हा अनुभव कोणाला नाही? अलीकडे लहान संस्था, शिकवणीवर्ग, दवाखाने यांच्या कार्यालयांतून तांब्याच्या तारेचा फोन जाऊन त्या जागी इंटरनेटवर चालणारा फोन येऊ लागला आहे. तो बसवून देणारा तंत्रज्ञ वीस-पंचवीस सोयींची यादी पुढे ठेवतो आणि विचारतो, ‘यांतले काय काय सुरू करू?’ कार्यवाह उत्तरतात, ‘सगळेच करा.’ घोटाळ्यास आरंभ होतो तो येथे. या विषयी ज्या वाचकांनी आमच्याकडे विचारणा केली, त्यांच्यासाठी या महिन्याचे हे पान.

आलेला फोन कोणाकडे जावा, हे ठरविणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, याची एक जुनी कथा आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्राउजर नावाचा गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा व्यवसाय करीत असे. आपल्यासाठी आलेले फोन एक्स्चेंजमधील बाई प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देतात, असा त्याचा ग्रह झाला. त्या बाई प्रतिस्पर्ध्याच्या पत्नीच होत्या, असेही सांगतात. कथेतील तपशील खरा असो वा नसो, 1891 साली त्याने माणसावाचून फोन जोडणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले आणि पुढील वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी त्याच्या पद्धतीचे एक्स्चेंज सुरू झाले, एवढे निश्चित. आपल्या देशात कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील एक्स्चेंजे 1882 सालची. एका गावाहून दुसऱ्या गावी थेट नंबर फिरविण्याची सोय 1960 साली लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान प्रथम झाली, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्या वडीलधाऱ्यांनी ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहिली आहे. फोन जोडणाऱ्या त्या बाई काळाच्या ओघात गेल्या, परंतु कोणाला कोणाशी जोडावे हा निर्णय काही गेला नाही. तो आता प्रत्येक लहान कार्यालयाला आपल्यापुरता, आधीच करून, यंत्राच्या स्वाधीन करावा लागतो.

हे यंत्र करते तरी काय? आपला आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजून त्याचे आकडे बनविले जातात आणि त्या आकड्यांच्या लहान लहान पुड्या इंटरनेटवरून पलीकडे धाडल्या जातात. कोणी कोणाला हाक मारली, कोणी ओ दिली, कोणी फोन ठेवला, या देवघेवीसाठी ‘सिप’ नावाची एक परिभाषा 1999 साली प्रसिद्ध झाली व 2002 साली तिला सुधारित रूप मिळाले. आज बहुतेक कार्यालयीन इंटरनेट फोन हीच परिभाषा बोलतात. जुन्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजकडून तारेतूनच येत असे, त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन चालू राही. नव्या फोनचे तसे नाही. वीज गेली की राउटर जातो आणि राउटरबरोबर फोनही जातो. म्हणून सोयींच्या यादीला हात लावण्यापूर्वी राउटर, फोनचे यंत्र आणि निदान एक तरी हातातला फोन इन्व्हर्टरवर घ्यावा, हे आमचे पहिले सांगणे.

दुसरे सांगणे असे की, संगणकापुढे बसण्यापूर्वी कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत: कोण फोन करतो, केव्हा करतो आणि त्याला काय हवे असते. आपल्या समाजाच्या एखाद्या संस्थेचे उदाहरण घेऊ. सकाळी वर्गणीदार फोन करतात, त्यांना कार्यक्रमाची वेळ हवी असते. दुपारी पालक फोन करतात, त्यांना प्रवेशाची माहिती हवी असते. आणि रात्री साडेनऊला नांदेडहून अथवा आदिलाबादहून एखादा फोन येतो: रुग्णाला हैदराबादेत दाखल केले आहे, बरोबरच्या माणसांना दोन दिवस टेकायला जागा मिळेल का? पहिल्या दोघांचा फोन चुकला तर फार बिघडत नाही. तिसऱ्याचा चुकला तर कोणी तरी रुग्णालयाच्या फरशीवर रात्र काढते. ही यंत्रणा कोणासाठी नीट लावायची, याचा निर्णय या तिसऱ्या माणसाकडे पाहून करावा, असे आम्हांस वाटते.

आता एकेक सोय पाहू. आलेला फोन अनेक टेबलांवर वाजविण्याच्या व्यवस्थेला ‘रिंग ग्रुप’ म्हणतात. सर्व टेबलांवर एकदम घंटी वाजविता येते, किंवा आधी एकाकडे, त्याने न घेतल्यास दुसऱ्याकडे, अशी क्रमानेही वाजविता येते. चार माणसांच्या कार्यालयात एकदम वाजविण्याचा मोह होतो. परंतु सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नसते, हे आपण जाणतोच. क्रम लावावा, पहिले नाव निश्चित असावे आणि त्या नावाच्या माणसाला ते ठाऊक असावे. आपल्याकडील घंटीचा एक फेरा सुमारे तीन सेकंदांचा असतो. पहिल्या टेबलावर पाच-सहा फेरे, म्हणजे पंधरा ते अठरा सेकंद, पुरेत. त्यानंतर फोन पुढे सरकावा.

फोन पुढे पाठविण्याचे, म्हणजे ‘फॉरवर्ड’चे, चार प्रकार आहेत: सरसकट, टेबल व्यग्र असल्यास, कोणी न उचलल्यास आणि यंत्रच बंद असल्यास. या चौथ्या प्रकाराकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि तोच इंटरनेट फोनमध्ये सर्वांत मोलाचा. इंटरनेट तुटले असता कार्यालयातील यंत्राला ‘फोन पुढे पाठव’ ही आपली आज्ञा पाळता येत नाही, कारण त्याच्यापर्यंत फोन पोहोचतच नाही. म्हणून ही सूचना सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या बाजूला नोंदविलेली असली पाहिजे. तंत्रज्ञाला एवढेच विचारावे, ‘आमचे इंटरनेट बंद पडले तर आमचा नंबर कोठे वाजेल?’ उत्तर मिळेपर्यंत त्याला चहा पाजीत बसवून ठेवावे.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. कारकुनाचा फोन कार्यवाहांकडे आणि कार्यवाहांचा कारकुनाकडे पाठविण्याची योजना केली आणि दोघेही जागेवर नसले, तर तो बिचारा फोन दोघांमध्ये येरझारा घालीत राहतो. सिपच्या रचनाकारांना मनुष्यस्वभाव ठाऊक असावा. त्यांनी प्रत्येक हाकेबरोबर उड्यांची एक संख्या जोडली आणि ती सामान्यतः 70 धरली. दर मुक्कामी तीतून एक वजा होतो आणि शून्य झाले की फोन थांबतो. ‘या टेबलावरून त्या टेबलावर’ फिरणाऱ्या अर्जांसाठी अशी मर्यादा अद्याप कोणी घातलेली नाही.

फोन दुसऱ्याकडे सोपविण्याच्या दोन रीती आहेत. एकीत बटण दाबून फोन सरळ ढकलून द्यावयाचा. पलीकडे कोणी आहे की नाही, हे पाहावयाचे नाही. दुसरीत प्रथम आपण पलीकडच्याशी बोलावे, ‘नांदेडचे अमुक गृहस्थ आहेत, जागेविषयी विचारतात’ असे सांगावे आणि मगच फोन त्याच्या हाती द्यावा. या दुसऱ्या रीतीत दहा सेकंद अधिक लागतात. परंतु समोरच्याला आपली कर्मकथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही. लहान कार्यालयात हीच रीत असावी.

आता त्या बोलक्या यंत्राविषयी. ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ हे ऐकून वैतागला नाही असा मनुष्य विरळा. एका कार्यालयाच्या यंत्रावर आम्ही स्वतः सात पर्याय, तेही केवळ इंग्रजीतून, ऐकले आहेत. सातवा ऐकेपर्यंत पहिला विसरला होता. चारांहून अधिक पर्याय ठेवू नयेत. आधी काम सांगावे, मग आकडा: ‘प्रवेशासाठी एक’. उलट क्रमाने सांगितल्यास ऐकणाऱ्याला आकडा लक्षात धरून कामाची वाट पाहावी लागते. शून्य दाबले असता माणूस मिळावा, आणि काहीच दाबले नाही तरीही माणूसच मिळावा, कारण ज्यांना बटणे दिसत नाहीत अशा वृद्धांचाच तो फोन असण्याचा संभव अधिक. भाषेचा प्रश्न आपल्या या शहरात नाजूक आहे. तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी आणि इंग्रजी यांपैकी कोणालाही परके वाटू नये. परंतु पाचही भाषांत सारे सांगू गेल्यास फोन करणाऱ्याचा धीर सुटेल. मराठी संस्थेने प्रथम मराठीत एक वाक्य, मागोमाग तेलुगू आणि हिंदीत एकेक वाक्य, एवढेच ठेवावे. आवाज संस्थेतीलच एखाद्या स्वच्छ उच्चाराच्या व्यक्तीचा असावा.

कामाच्या वेळा व सुट्ट्या यंत्राला सांगून ठेवता येतात. त्यात पंचांग आणि शासकीय सुट्ट्यांची यादी दोन्ही जवळ घेऊन बसावे. आपला गुढीपाडवा आणि येथील उगादी एकाच दिवशी येत असल्याने तेथे प्रश्न नाही. परंतु बोनालू, बतुकम्मा, मोहरम, आणि गणेशविसर्जनाच्या दिवशी बंद होणारे कोठीकडील रस्ते यांचाही विचार व्हावा. दर वर्षारंभी ही यादी नवी करण्याचे काम एका व्यक्तीच्या नावावर लिहून ठेवावे. अन्यथा गेल्या वर्षीच्या दिवाळीचा निरोप यंदाच्या भर कामाच्या दिवशी वाजू लागतो.

आणि आता या पानावरील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्र बसविणारे प्रत्येक टेबलाला तीन आकडी क्रमांक देतात आणि बहुधा 100 किंवा 101 पासून आरंभ करतात. पोलिसांचा क्रमांक 100, अग्निशामक दलाचा 101, रुग्णवाहिकेचा 108, आणि सर्व संकटांसाठी अखिल भारतीय क्रमांक 112. त्यांतील 108 ची सेवा तर 15 ऑगस्ट 2005 रोजी आपल्याच हैदराबादेत सुरू झाली आणि येथून अनेक राज्यांत पसरली. कार्यालयातील आठवे टेबल 108 झाले असेल, आणि वर्गात मूल भोवळ येऊन पडल्यावर शिपायाने घाईने 108 दाबले, तर घंटी वाजेल ती आठव्या टेबलावर! कित्येक यंत्रांत बाहेर फोन करण्यापूर्वी शून्य अथवा नऊ दाबावे लागते. संकटाच्या वेळी ते कोणाला आठवणार? म्हणून टेबलांचे क्रमांक 201 पासून पुढे द्यावेत. 100, 101, 108 व 112 हे चारही क्रमांक आधी काहीही न दाबता सरळ बाहेर जातील, असा नियम यंत्रात लिहवून घ्यावा. सेवा देणारी कंपनी हे क्रमांक जोडते की नाही, हे तिच्याकडून लेखी घ्यावे. इंटरनेट फोन कोठून येतो आहे, हे पलीकडच्यांना आपोआप कळेलच असे नाही. यास्तव कार्यालयाचा पूर्ण पत्ता, जवळच्या खुणेसह, मोठ्या अक्षरांत प्रत्येक फोनशेजारी चिकटवावा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही सांगता येत नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. निरोप नोंदविण्याची सोय, म्हणजे ‘व्हॉइस मेल’, तो दररोज ऐकणारा माणूस ठरला असेल तरच सुरू करावी; न ऐकला जाणारा निरोप हा खोटा दिलासा होय. संभाषण ध्वनिमुद्रित करावयाचे असल्यास ते समोरच्यास आरंभीच सांगावे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्या देशात 2023 साली संमत झाला आहे, आणि तो नसता तरी सभ्यता होतीच. यंत्राबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. परदेशी फोनची गरज नसेल तर ती वाट बंद करून ठेवावी, कारण सोप्या पासवर्डाची यंत्रे हुडकून रात्री-अपरात्री त्यांवरून परदेशी फोन करणारे भामटे जगात आहेत आणि बिल यंत्राच्या मालकाला येते.

सर्व झाल्यावर एका त्रयस्थाला परीक्षेस बसवावे. त्याने कार्यालयाच्या वेळेत, वेळेनंतर, सुट्टीच्या दिवशी, सर्व टेबले व्यग्र असताना आणि राउटर मुद्दाम बंद केला असताना असा पाच वेळा फोन करावा व काय घडले ते लिहून द्यावे. ते पाच ओळींचे टिपण तंत्रज्ञाच्या साऱ्या आश्वासनांहून अधिक भरवशाचे. रात्रीच्या फोनसाठी कार्यकर्त्यांनी आठवड्याची पाळी लावून घ्यावी आणि त्या-त्या कार्यकर्त्याच्या मोबाइलवर तो वाजेल, अशी योजना करावी. अशी पाळी ज्या संस्था चालवीत असतील, त्यांनी आपला अनुभव आम्हांस अवश्य कळवावा. इतरांच्या उपयोगासाठी पुढील एखाद्या अंकी तो देता येईल.