सुट्टी नेमकी कोणाला?

ईस्टरची उपासना पार पडली आणि शाळांच्या परीक्षा संपत आल्या, की चर्चच्या महिला मंडळांपुढे एक जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. साप्ताहिक सभा, आजाऱ्यांच्या भेटी, शिवणवर्ग, मदतकार्य हे सारे जूनपर्यंत तहकूब ठेवावे काय? पुष्कळदा त्याचे उत्तर चर्चेवाचूनच ठरते. कोणी माहेरी जाते, कोणाकडे पाहुणे येतात, सभेला चारसहा जणी जमल्या तरी खूप अशी अवस्था होते आणि मंडळ आपोआप मिटते. रसायनी, खालापूर, कर्जत या पट्ट्यात मात्र हा प्रश्न इतक्या सहजी निकालात काढण्याजोगा नाही.

सुट्टीची बाजू अगदीच लंगडी आहे असे कोणी म्हणणार नाही. 16 एप्रिल 2023 रोजी याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी 14 जणांचे प्राण उष्माघाताने गेले. त्यानंतर उन्हाळ्यातील सभांविषयी बेफिकिरी दाखविणे हा शुद्ध अविचार ठरेल. तापलेल्या पत्र्याखाली दुपारी तीनला सभा भरवू नये आणि वयस्क बायांना उन्हातून पाड्यांवर पायी धाडू नये, हे उघड आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते एवढेच, की सभेची वेळ बदलावी. दीड महिना कुलूप लावावे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

मुळात ही सुट्टी आली कोठून? युरोप-अमेरिकेत जुलै-ऑगस्ट हे सुट्टीचे महिने. तेथील चर्चच्या संस्थाही त्या काळात विसावतात. इकडे आलेल्या गोऱ्या साहेबाने तीच चाल एप्रिल-मेवर आणली आणि डोंगर गाठला. कर्जत तालुक्यातील माथेरान 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस आले. 1907 मध्ये नेरळहून तेथवर आगगाडी धावू लागली. मिशनरी मंडळीही महाबळेश्वरासारख्या थंड ठिकाणी जात. साहेब वर गेला की खालची कामे थांबत. निदान त्याच्या वहीत तरी तशी नोंद होई. खालच्या वाड्यांतील माणसांना वर जाण्याचे कारण असे ते ओझे वाहण्यापुरते.

रसायनीत ही सवय दुसऱ्या वाटेने आली. 1960 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने येथे कारखाना उभारला, त्याच्याभोवती वसाहत झाली आणि निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे शेजारी नांदू लागली. मे महिन्यात रजा घेऊन ती गावी निघत. वसाहतच ओस पडल्यावर मंडळ चालवायचे कोणासाठी, हा प्रश्न तेव्हा रास्त होता. पुढे 2017 मध्ये येथील बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. ते दिवस सरले. त्या दिवसांचे वेळापत्रक तेवढे राहून गेले.

आसपासच्या पाड्यांचे वेळापत्रक याच्या नेमके उलट आहे. खोपोलीच्या टाटा वीजगृहातून सुटणारे पाणी पाताळगंगेला उन्हाळ्यातही वाहते ठेवते, खालापुरातील मोरबे धरणाचे पाणी नव्या मुंबईची तहान भागविते. आणि धो धो पावसाच्या याच प्रदेशात मे महिन्यात पाड्यावरची बाई हंडा घेऊन आटलेल्या विहिरीच्या काठी बसलेली असते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबे पावसाच्या तोंडावर परत येतात. उचल फिटली की अंगावर राहिली, याचा हिशेब बहुतेकींना वाचता येत नाही. भट्टीवर राहिलेल्या मुलांचे शाळेचे वर्ष बुडालेले असते. त्यांचे नाव पुन्हा पटावर यायचे तर कोणीतरी कागदपत्रांची जुळवाजुळव करून शाळा उघडण्यापूर्वी गुरुजींना गाठले पाहिजे. शाळा उघडते जूनच्या मध्यास, आणि महिला मंडळही तेव्हाच उघडते. म्हणजे ज्या पंधरवड्यात लिहितावाचता येणाऱ्या एका बाईची खरी गरज असते, नेमका तोच हुकतो.

पोषण आहाराचेही तसेच. दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही शाळेतील जेवण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये दिला होता. परंतु पावसाच्या आकड्यांवर समृद्ध दिसणाऱ्या या तालुक्यांना त्याचा काय उपयोग? शाळा मिटली की पाड्यावरच्या मुलाचे दुपारचे हमखास ताटही उचलले जाते. आठवड्यातून दोन वेळा खिचडी शिजविणे हे कोणत्याही मंडळाच्या आवाक्याबाहेरचे काम नव्हे.

विश्रांती हवीच असेल तर ती जुलैत घ्यावी. भातलावणीच्या दिवसांत पाड्यावरची बाई गुडघाभर चिखलात असते. तेव्हा तिला सभेला बोलाविणे हाच तिच्यावर अन्याय आहे.

राहिला प्रश्न मंडळातील स्त्रियांच्या स्वतःच्या विसाव्याचा. त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. वर्षभर घर, नोकरी आणि मंडळ सांभाळणाऱ्या बाईला थकण्याचा अधिकार आहे. पण मे महिन्यात तिला सुट्टी मिळते, हे कोणी ठरविले? मुले घरी, नणंदा-भाचरे मुक्कामाला, लग्नकार्ये डोक्यावर, आणि पावसाळ्यापूर्वीचे पापड, कुरडया, मसाले व्हायचे असतात. आठवड्यातले सभेचे दोन तास हीच पुष्कळदा तिची स्वतःची वेळ असते. मंडळाला सुट्टी दिली की नेमके तेच दोन तास जातात आणि बाकीचे सारे काम जागच्या जागी राहते. गावातले बचतगट मे महिन्याचा हप्ता माफ करीत नाहीत, आणि त्यांच्या बायका हप्त्याच्या निमित्ताने का होईना, एकत्र बसतात. चर्चच्या मंडळाने पापड लाटतच सभा भरविली, तर प्रार्थनेला त्याची अडचण होईल असे वाटत नाही.

सकाळी आठची किंवा सूर्यास्तानंतरची वेळ, गावी न गेलेल्या पाचसहा जणी आणि पाळीपाळीने वाटून घेतलेली घरे, एवढ्यावर हे काम चालू शकते. लिजन ऑफ मेरी या 1921 मध्ये डब्लिन येथे सुरू झालेल्या संघटनेत साप्ताहिक सभा चुकवू नये असा दंडकच आहे. कॅथलिकांत मे महिना मरियेच्या भक्तीचा असल्याने संध्याकाळची रोझरी घरोघरी चालतेच. त्या वेळेला जोडून आजाऱ्याचे एखादे घर घेता येते. 31 मे रोजी मरियेने अलीशिबेला दिलेल्या भेटीचा सण असतो. भट्ट्यांवरून निघालेली बिऱ्हाडे साधारण त्याच सुमारास पाड्यांवर उतरू लागतात.